काचपेटीतली ओल

बॉल पायथन या सापाने टाकलेली कात नीट पाहिली, तर गेले काही आठवडे त्याच्या पेटीतली हवा कशी होती हे सांगता येतं. कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, मऊ आणि आतली बाजू बाहेर होऊन निघाली असेल, आणि डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्याही तिच्याबरोबर आल्या असतील, तर हवेत पुरेशी ओल होती. तीच कात कडक होऊन तुकड्यातुकड्यांनी पडली असेल, शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीचं कडं अडकून राहिलं असेल, तर हवा कोरडी होती. हे कडं दिसायला किरकोळ असतं, पण ते वाळत जाऊन आवळलं की पुढचा रक्तपुरवठा थांबतो. पालीसारख्या प्राण्यांची बोटं अशीच गळून पडतात.

सरपटणारा प्राणी पाळायचा म्हटलं की माणसं सर्वांत आधी उष्णतेचा विचार करतात. दिवा, थर्मोस्टॅट, तापमापक यांवर पैसे खर्च होतात. आर्द्रतेच्या वाट्याला मात्र विक्रेत्याने सांगितलेला एक आकडा येतो: साठ ते सत्तर टक्के ठेवा. मग मालक पाण्याची फवारणी करत त्या आकड्याच्या मागे धावतो. माझ्या मते घोळ नेमका इथेच होतो. आर्द्रता हा पेटीला लावायचा एकच आकडा नसतो. पेटीत ओलसर जागा आणि कोरडी जागा अशा दोन्ही हव्यात. त्यांतली कोणती कधी निवडायची, हे प्राण्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मीटरवर दिसणारे टक्के कशाचे असतात? ही सापेक्ष आर्द्रता असते. हवा त्या तापमानाला जास्तीत जास्त जितकी वाफ बाळगू शकते, त्यापैकी किती वाफ सध्या तिच्यात आहे, एवढंच ते सांगतात. ही क्षमता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २६ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ मावते, तर ३२ अंशांना जवळपास ३४ ग्रॅम. बॉल पायथनच्या पेटीत थंड बाजू साधारण २६ अंशांवर आणि उबदार बाजू ३२ अंशांवर ठेवतात. समजा थंड बाजूच्या मीटरवर ६५ टक्के दिसताहेत. तीच हवा, तेवढीच वाफ घेऊन, उबदार बाजूला गेली की तिथलं मीटर ४६ दाखवतं. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो. म्हणून पेटीत एकच मीटर टांगून ‘आमच्याकडे पासष्ट आहे’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. दोन बाजूंना दोन मीटर हवेत, आणि तेही प्राणी जिथे बसतो त्या उंचीवर. छताजवळची हवा सापाच्या काही कामाची नाही.

आता कातडीकडे वळू. सापाच्या खवल्यांमुळे त्याच्या अंगातलं पाणी आत राहतं, असा बराच काळ समज होता. १९७२ साली लिख्ट आणि बेनेट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी गोफर जातीच्या एका जन्मतः खवले नसलेल्या सापावर प्रयोग केले. नेहमीच्या खवलेवाल्या सापांच्या तुलनेत त्याच्या कातडीतून पाणी जास्त उडत नव्हतं. पाणी खवल्यांमुळे अडत नाही, हे त्यातून दिसलं. मग १९८० मध्ये रॉबर्ट्‌स आणि लिलिव्हाइट यांनी सापाच्या कातीतला स्निग्धांश काढून टाकला, तेव्हा तिच्यातून पाणी कितीतरी पटींनी वेगाने निसटू लागलं. म्हणजे खरा बांध त्वचेच्या थरांमधल्या स्निग्ध द्रव्यांचा आहे. हा बांध प्रत्येक जातीत सारखा पक्का नसतो. वाळवंटी जातींत तो पक्का असतो, दमट जंगलातल्या जातींत ढिला. ज्याच्या पूर्वजांना कधी कोरड्या हवेत राहावं लागलं नाही, त्याला आपण एसीच्या खोलीत ठेवलं तर त्याच्या अंगातलं पाणी श्वासातून आणि कातडीतून सतत उडत राहतं. पेटीत वाटीभर पाणी असूनही तो हळूहळू सुकत जातो.

कात टाकण्याची प्रक्रिया पाण्यावरच चालते. जुन्या थराखाली नवा थर तयार होतो, आणि दोन्हींच्या मध्ये शरीर पातळ द्रव सोडतं. त्यामुळे त्या काळात सापाचे रंग मळकट होतात आणि डोळे निळसर दुधी दिसतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि तोही कातीबरोबर बदलतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात उतरते. शरीरातच पाणी कमी असेल तर हा द्रव पुरेसा सुटत नाही, आणि बाहेरची हवा कोरडी असेल तर जुना थर सैल होण्याआधीच वाळतो. अडकलेली कात नखाने ओढून काढू नये. डोळ्यावरची चकती तर मुळीच ओढू नये, कारण खालच्या नव्या थराला इजा झाली तर डोळाच जाऊ शकतो. कोमट ओलसर फडकं घातलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यात सापाला तासभर ठेवलं की बहुतेक वेळा कात आपोआप सुटते. चकती तरीही राहिली तर पशुवैद्याकडे जावं.

कोरडेपणाचं आणखी एक नुकसान आहे, ते बाहेरून दिसत नाही म्हणून जास्त घातक. सरपटणारे प्राणी शरीरातलं टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. तो पांढरा, पिठूळ गोळा मालकांच्या ओळखीचा असतो. पाणी कमी पडलं की हे आम्ल मूत्रपिंडात, सांध्यांत, अगदी हृदयाभोवतीही साठू लागतं. हिरव्या इग्वाना या सरड्यांमध्ये मूत्रपिंडाचे आजार खूप दिसतात, आणि वर्षानुवर्षांची पाण्याची कमतरता हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांतला. तिथे तो झाडावर राहतो आणि बरंचसं पाणी पानांतून मिळवतो. वाटीत पाणी ठेवलं म्हणून तो पीत असेलच, असं धरून चालू नये. शॅमिलियन तर साठलेल्या पाण्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. त्याला पानांवरून ओघळणारे थेंब लागतात.

मग हे प्राणी ज्या मुलखातून येतात, तिथली हवामान खात्याची सरासरी पाहून पेटी लावायची का? तसं केलं तर हमखास फसायला होतं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यातला. व्यापारासाठी तो मुख्यतः घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून येत आला आहे. या भागात हिवाळ्यात सहाराकडून हरमॅटन नावाचा धुळीचा, कमालीचा कोरडा वारा वाहतो. केवळ हवामानाचे तक्ते पाहिले तर हा साप कोरड्या हवेत मजेत राहतो असं वाटेल. पण तो त्या हवेत राहतच नाही. त्याचा दिवस उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात जातो, आणि मातीच्या आत, बाहेर काहीही असलं तरी, ओल टिकून असते. प्राण्याचा पत्ता बिळाचा असतो, जिल्ह्याचा नव्हे, हे एकदा लक्षात आलं की पेटी कशी लावायची याचा अर्धा उलगडा होतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे सल्काटा कासव. सहाराच्या दक्षिण कडेचं, प्रचंड वाढणारं हे कासव वाळवंटी आहे म्हणून त्याची पिल्लं कित्येक दशकं कडकडीत कोरड्या पेट्यांत वाढवली गेली. त्यांच्या पाठीवरची प्रत्येक ढाल टेकाडासारखी उंच वाढायची. दोष आहाराला दिला जायचा, प्रथिनं जास्त झाली म्हणून. २००३ साली व्हिएन्नातल्या वीसनर आणि इबेन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सल्काटाची पिल्लं पहिल्या पाच महिन्यांत वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि प्रथिनांच्या वेगवेगळ्या प्रमाणावर वाढवली. निष्कर्ष स्पष्ट होता. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेकाडं आली, दमट हवेतल्यांची पाठ त्यामानाने गुळगुळीत राहिली, आणि प्रथिनांचा प्रभाव किरकोळ होता. निसर्गात ही पिल्लं पहिले महिने ओलसर बिळांत आणि गवताच्या बुडाशी घालवतात. वाळवंटी कासवाचं बालपण वाळवंटाच्या पृष्ठभागावर जात नाही. कितीतरी प्राण्यांची पाठ कायमची बिघडली, आणि कारण एवढंच होतं की आपण नकाशा पाहिला, बीळ पाहिलं नाही.

तर पेटीत बीळ तयार करायचं. त्यासाठी उत्तम साहित्य आपल्या दाराशीच आहे: कोकोपीट. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा हा भुसा केरळ, तमिळनाडू आणि श्रीलंकेतून जगभर जातो. युरोप-अमेरिकेतले साप पाळणारे तो दुकानातून विकत आणतात, आणि आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत त्याची वीट मिळते. त्यात बऱ्याचदा क्षार असतात, म्हणून भिजवल्यावर एकदोनदा धुऊन पिळून घ्यावा. पेटीत त्याचा किमान आठ-दहा सेंटीमीटर थर द्यावा. ओल किती असावी? शेतकऱ्याला वाफसा आलेली माती जशी ओळखता येते, तशीच ओळखायची: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये.

पाणी घालायची पद्धत फार महत्त्वाची आहे. वरून फवारलं की पृष्ठभाग ओला होतो, मीटर झटकन ऐंशीवर जातं, आणि दोन तासांत पुन्हा चाळीसवर येतं. साप मात्र त्या ओल्या पृष्ठभागावर पोट टेकून बसतो. त्यापेक्षा पेटीच्या कोपऱ्यांत हळूहळू पाणी ओतावं, म्हणजे ते तळाशी जातं. खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा, आणि तळातली ओल दिवसेंदिवस सावकाश वर येत राहते. बिळातही असंच घडतं. पाण्याचं भांडं मोठ्या तोंडाचं घ्यावं. ते उबदार बाजूकडे सरकवलं की बाष्पीभवन वाढतं, थंड बाजूकडे नेलं की कमी होतं. एवढ्या साध्या हालचालीने बऱ्याच पेट्या मार्गावर येतात.

यात भर म्हणून ओलसर लपण ठेवावं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, बाजूला प्राणी आत जाईल एवढं भोक पाडून कडा गुळगुळीत करायच्या, आणि आत ओलं स्फॅग्नम शेवाळ भरायचं. हे शेवाळ ऑर्किड वाढवणाऱ्यांकडे मिळतं. बाकीची पेटी कोरडी असली तरी या डब्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकते. कोरड्या प्रदेशातल्या पालींसाठी तर हाच उपाय सर्वांत योग्य आहे. कात टाकायची वेळ आली की प्राणी स्वतःहून त्यात जाऊन बसतो, आणि काम झालं की बाहेर येतो. आपल्याला अंदाज बांधावा लागत नाही.

दिवा आणि जाळी यांच्याकडेही लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे बरेच जण माशांची काचटाकी घेऊन वर जाळीचं झाकण बसवतात आणि त्यावर दिवा ठेवतात. तापलेली ओलसर हवा जाळीतून वर निघून जाते आणि खोलीतली हवा तिची जागा घेते. अशा टाकीत कितीही पाणी घाला, टिकत नाही. जाळीचा मोठा भाग अॅक्रिलिकच्या तुकड्याने झाकला की फरक पडतो. दिव्याजवळचा भाग मात्र मोकळा ठेवावा, कारण तिथे वितळण्याचा आणि आगीचा धोका असतो. संपूर्ण जाळी कधीही बंद करू नये.

त्याचं कारण दुसऱ्या टोकाच्या धोक्यात आहे. हवा कोंडली, तळ चिखल झाला आणि त्यात तापमान उतरलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांना श्वसनाचा संसर्ग गाठतो. त्यांना आपल्यासारखं स्नायूंचं श्वासपटल नसतं, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणं त्यांना नीट जमत नाही. फुप्फुसात साचलेला द्रव तिथेच राहतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, मान वर करून उघड्या तोंडाने घेतलेला श्वास, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. सतत ओल्या तळावर राहिलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर आधी पाण्याचे फोड येतात आणि मग ते सडू लागतात. दमटपणाला सगळा दोष देणं मात्र बरोबर नाही. उबदार, हवा खेळती असलेली, वरून कोरड्या थराची पेटी ऐंशी टक्क्यांवरही निरोगी राहते. थंड, कोंदट, चिखलमय पेटी सत्तर टक्क्यांवरच प्राण्याला आजारी पाडते.

धुकं सोडणाऱ्या यंत्रांबद्दल मी सावध आहे. ही यंत्रं पाण्याचे अतिसूक्ष्म कण उडवतात, आणि पाण्यात जे काही असेल तेही त्यांबरोबर उडतं: नळाच्या पाण्यातले क्षार, टाकीत वाढलेले जिवाणू, सगळं थेट फुप्फुसात. वापरायचंच असेल तर शुद्ध केलेलं पाणी घालावं, टाकी रोज रिकामी करावी, दर आठवड्याला घासून निर्जंतुक करावी. बॉल पायथनला त्याची गरज सहसा पडत नाही.

मीटर डिजिटल घ्या. काटा फिरणारी स्वस्त, चिकटवायची मीटरं बऱ्याचदा वीस टक्क्यांनीही चुकतात. पण डिजिटल मीटरही आंधळेपणाने मानू नये. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात शुद्ध, पांढरं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडे थेंब टाकून ओल्या वाळूइतकं ओलं करा, आणि ते झाकण व मीटर हवाबंद पिशवीत एकत्र ठेवून रात्रभर सोडा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६९ दाखवत असेल तर ते सहाने कमी दाखवतं, हे लिहून ठेवा आणि पुढे तेवढे मिळवून वाचा. कोकणात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेही याच भौतिकीमुळे: हवा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ तिच्यातली वाफ ओढून घेऊ लागतं.

आणि इथे आपल्या गावाचा प्रश्न येतो. पुस्तकांतले आणि व्हिडिओंतले बरेचसे सल्ले थंड देशांतल्या घरांसाठी असतात. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरात जानेवारीत बाहेरची शून्य अंशांची हवा आत येऊन २१ अंशांपर्यंत तापते. बाहेर ती वाफेने पूर्ण भरलेली असली तरी आत तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. तिथे दिवसातून दोनदा फवारणी करा हा सल्ला समजण्यासारखा आहे. मुंबईत जुलैमध्ये तोच सल्ला पाळला तर घात होईल. २८ अंश आणि ८५ टक्के असलेली हवा पेटीच्या उबदार बाजूला ३२ अंशांपर्यंत तापवली की ती आपोआप ६८ टक्क्यांवर येते. बॉल पायथनला नेमकं तेच हवं असतं, एक थेंबही न फवारता. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या मालकाचं काम पाणी घालण्याचं नसून हवा खेळती ठेवण्याचं आणि उष्णता टिकवण्याचं आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात चित्र उलटं असतं, आणि पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यातली कोरडी दुपारही फसवी असते. एसी लावला की तो हवेतलं पाणी काढून घेतो, डेझर्ट कूलर लावला की पाणी घालतो. एकाच घरातल्या एकाच पेटीला वर्षभर एकच वेळापत्रक चालत नाही.

म्हणून कोणता प्राणी आणायचा हे ठरवताना आपलं गाव आधी पाहावं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातल्या बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला तीस-चाळीस टक्के मानवतात. त्याला रत्नागिरीत चार महिने तेवढं कोरडं ठेवणं म्हणजे रोजची लढाई आहे. इग्वानाला अकोल्याच्या उन्हाळ्यात दमट ठेवणंही तसंच.

कायद्याचं भानही हवं. नाग, अजगर, घोरपड, स्टार कासव हे देशी प्राणी घरी बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पेटी कितीही उत्तम असली तरी त्यातून सुटका नाही. बॉल पायथन, इग्वाना, सल्काटा यांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणं बंधनकारक आहे.

शेवटी एक विनंती. प्राणी आणण्याआधी पेटी पूर्ण मांडा आणि किमान पंधरा दिवस रिकामी चालवा. दिवा, तळ, पाण्याचं भांडं, लपण, दोन तपासलेली मीटरं, सगळं जागेवर ठेवून सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंचे आकडे वहीत लिहा. एसी चालू असताना काय होतं, पाऊस लागल्यावर काय होतं, रात्री दिवा बंद झाल्यावर काय होतं, ते पाहा. त्याच पंधरा दिवसांत सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या शहरात आहे का, याची चौकशी करा. आकडे हाताबाहेर जात असतील किंवा असा पशुवैद्य सापडत नसेल, तर प्राणी आणू नका.